धाकू मास्तरांची अख्खी शाळा

फार वर्षांपूर्वीची, संस्थानी अंमल होता तेव्हाची ही गोष्ट. कातळगावात एक कौलारू शाळा होती आणि तिथे धाकू मास्तर होते. ज्याला पाटीवर बेरीज जमेना, त्याच्याकडून ते चिंचोके मोजून घेत. जिला कविता पाठ होईना, तिला चालीवर म्हणून दाखवत. त्यांच्या पडवीतला पोपटसुद्धा बाराखडी म्हणायचा, असं म्हणतात.

मग दरबाराचा हुकूम आला. साऱ्या शाळांची परीक्षा एकाच दिवशी, प्रश्नही तेच. निम्मी मुलं नापास झाली, तर शाळेला कुलूप! झालं. चिंचोके कोनाड्यात गेले, चाली थांबल्या आणि सकाळ-संध्याकाळ नुसती घोकंपट्टी सुरू झाली.

आसपासच्या गावांनी यावर तोड काढली. कच्ची पोरं त्या दिवशी शेरडांमागे धाडायची आणि पक्की तेवढी परीक्षेला बसवायची. कातळगावचे खोत म्हणाले, "मास्तर, तुम्हीपण तेच करा. शाळाच गेली तर ढ काय नि हुशार काय, सगळीच रानात!"

मास्तरांना ते पटलं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कच्च्या पोरांच्या घरी सांगायला निघाले. दोन घरी निरोप दिलाही. तिसरं घर शेवंतीचं. आकडा दिसला की या पोरीला घाम फुटायचा. मास्तर दाराशी पोचले, तर तिची आई लेकीच्या केसांना तेल चोपडत बसलेली आणि वलणीवर शेजारणीकडून मागून आणलेला परकर.

"या मास्तर! उद्या परीक्षा ना हिची? आजवर हिला कुणी कशालाच बोलावलं नव्हतं हो."

"मी पुढच्या रांगेत बसू?" शेवंतीने विचारलं.

मास्तर म्हणाले, "बस. लवकर ये." आणि जिथे नको म्हणून आले होते, तिथे परत जाऊन पोरांना बोलावून आले.

दुसऱ्या दिवशी अख्खी शाळा परीक्षेला बसली आणि शाळा नापास झाली. शिपायाने कुलूप ठोकलं. "बुडवलीत शाळा!" खोत चारचौघांत म्हणाले. मास्तरांनी खाली मान घातली. त्या दिवशी त्यांना अन्न गेलं नाही.

पण सकाळी नवल झालं. बंद शाळेतून पाढे ऐकू येऊ लागले! शिपायाने दार उघडलं, तर आत चिटपाखरू नाही. कुलूप लावलं की पुन्हा पाढे. त्यात एक आवाज मध्येच अडखळायचा, मग बाकीचे सगळे थांबायचे. तो पुढे सरकला की सगळे पुढे. दरबारचा साहेब ऐकायला आला. आवाज अडखळला, तसा त्यानेही श्वास रोखून धरला. आवाज पुढे सरकला, तेव्हा कुलूप आपोआप गळून पडलं, असं म्हणतात. काहीजण म्हणतात, साहेबानेच ते काढलं.

आजही कातळगावात परीक्षेच्या दिवशी शेवटचं मूल आल्याशिवाय घंटा होत नाही. बाहेरून आलेले साहेबलोक घड्याळ बघतात, चुळबुळतात. "आता कोण राहिलंय?" असं विचारतात.

"येतंय," गावकरी सांगतात. "धाकू मास्तरांचं आहे."