काशानचा कटोरा

“म्हणजे ह्याची चांदी तुम्ही हातांनी झिजवून घालवलीत?”

बेहरूझचा आवाज चढला. इस्फहानच्या शाही कारखान्यातला तो सर्वांत तरुण उस्ताद. पितळेत चांदीची तार ठोकून बसवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. काशानच्या म्हाताऱ्या तांबटाकडं, नसीरबाबांकडं, तो चार दिवसांची वाट तुडवून आला होता तो हा कटोरा पाहायला.

कटोरा तीन-चारशे वर्षांचा. एका बाजूला प्यायला लहानशी चोच. भोवती नाचणाऱ्यांची रांग कोरलेली. त्यांची चांदी केव्हाच गेली होती, नुसत्या खाचा उरल्या होत्या. चोचीखालचा डफवाला तेवढा अजून लखलखत होता.

“सगळी मी नाही रे,” नसीरबाबा म्हणाले. “थोडी आजोबांनी घालवली. थोडी त्यांच्या आजोबांनी.”

आणि ते खो खो हसले.

“हसता काय! मला द्या हा. तीन महिन्यांत एकेक नाचणारा पुन्हा उभा करतो. मूळ कारागीर आला तरी त्याला फरक कळणार नाही.”

“आज कसा देऊ? गल्लीत लग्न आहे.”

बाहेर सनई वाजत होती. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात सरबत ह्याच कटोऱ्यातून फिरे. अंगणात पाहुण्यांची रांग लागलीच होती.

नसीरबाबांनी कटोरा गुलाबाच्या सरबतानं काठोकाठ भरला.

“पाहुण्याचा मान पहिला. चोच ओठांकडं कर, दोन्ही हातांनी धर... आणि डोळे मीट.”

बेहरूझनं नाइलाजानं डोळे मिटले. कटोरा जड होता, गार होता. सांडू नये म्हणून त्यानं बोटं घट्ट केली.

“आता बघ.”

त्यानं पाहिलं.

त्याचं बोटन्‌बोट झिजलेल्या जागीच बसलं होतं. डफवाला दोन अंगठ्यांच्या मधे, जिथं कुणाचाच हात पोचत नव्हता.

बेहरूझनं एक बोट उचललं, खालची खाच पाहिली आणि बोट पुन्हा तिथंच टेकवलं.

मग त्याला हसू फुटलं. आधी ओठांतल्या ओठांत, मग असं की सरबत हिंदकळून मनगटावरून ओघळलं.

“बाबा... इतकी माणसं?”

“हं.”

“मग मी आता काय करू?”

“पी,” नसीरबाबा म्हणाले. “मागचे खोळंबलेत.”