भाडं नाकारायचं नाही

पेट्रोल महागलं म्हणून शहरातल्या सगळ्या कामगार संघटनांनी सोमवारी संप पुकारला. परिवहन अधिकारी दाभोळेसाहेबांनी बजावलं, "संप करा नाहीतर उपास करा. पण भाडं नाकारणाऱ्या रिक्षावाल्याचा परवाना त्याच दिवशी रद्द करीन."

सोमवारी साहेब स्वतःच स्टँडवर आले आणि मुद्दाम सुपडू कोळीच्या रिक्षात बसले. सुपडू रिक्षावाल्यांच्या संघटनेचा सेक्रेटरी होता, आणि परवाना गेला तर त्याच्या घरची चूल विझणार होती.

"टेकडीवरच्या विश्रामगृहात चल. की नाही म्हणतोस?"

"नाही कसं म्हणू, साहेब?" सुपडूने मीटर टाकला, खाली उतरला आणि चौघा सोबत्यांना हाक मारली. पाचही जण रिक्षा ढकलू लागले.

"अरे, इंजिन चालू कर की."

"साहेब, परवान्यात भाडं न्या असं लिहिलंय. पेट्रोल जाळूनच न्या, असं कुठंय?"

भर बाजारातून वरात निघाली. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेले लोक उठून साहेबांना नमस्कार करू लागले. चढ लागेपर्यंत साहेब शरमेनं घामाघूम झाले आणि उतरून तरातरा चालू लागले.

सुपडूने मागून धावत जाऊन अदबीनं कागद पुढे केला. "साहेब, तेवढं लिहून द्या. रिक्षावाल्यानं भाडं नाकारलं नाही, भाडंच पळून गेलं."