निम्मी पागोटी, निम्मा वेळ

सरदारांच्या वाड्यामागे ठकूबाई रंगारीण पागोटी रंगवायची. परवा वीस पागोटी रंगवायला तिला आठ घटका लागल्या, काल दहा रंगवायला सहा. आज सकाळी तिने कढईखाली नुकता जाळ घातला, तोच कारभारी त्र्यंबकपंत सरदारांनाच घेऊन तिथे आले.

"निम्मी पागोटी म्हणजे निम्मा वेळ!" पंत गरजले. "काल दोन घटका ही बाई झोपा काढत होती. हाकला हिला!"

ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पंत, मग पाच पागोट्यांना किती वेळ?"

"दोन घटका."

"आणि एकही पागोटं नसेल तर?"

"तर कसला आलाय वेळ?" पंतांनी मिशीला पीळ दिला.

"म्हणजे कढई तापायला वेळच लागत नाही! जाळ आत्ताच घातलाय. घाला हात!"

पंतांनी हात मागे घेतला. "घाला, पंत," सरदार म्हणाले. डोळे घट्ट मिटून पंतांनी हात बुडवला. पाणी थंडगार होतं.

"पागोटी वीस असोत की एकही नसो, हे पाणी उकळायला चार घटका जातातच," ठकूबाई कडाडली. "पुढे पाच पागोट्यांना एक घटका. आधी त्या चार वजा करा, मग खुशाल निम्मं करा!"

सरदार हसू लागले, पण तिचा राग निवला नव्हता.

"सगळंच निम्म्याला निम्मं नसतं, पंत. अक्कल अर्धी असली तरी डोक्याला पागोटं अख्खंच लागतं!"