दारापासून फाटकापर्यंत

“…आणि बरं झालेलं पोर कुठून जाणार?” अप्पाजींनी विचारलं.

सोमनाथचं बोट नकाशावर जागच्या जागी थांबलं. इतका वेळ ते फाटकापासून इमारतीकडे, गाड्यांच्या रांगा मोजत, मोठ्या ऐटीत चाललं होतं.

“जाणार? अप्पाजी, हा गाड्या लावायच्या जागेचा नकाशा आहे. एकशे अठरा गाड्या. वीतभर जागा वाया घालवलेली नाही.”

मुलांचं नवं हॉस्पिटल मठाच्या जमिनीवर उभं राहत होतं. जमीन देताना मठाधिपती अप्पाजींनी अट एकच घातली होती : प्रत्येक नकाशा आधी मला दाखवायचा. नकाशे काढणारा सोमनाथ बिराजदार मठाच्याच वसतिगृहात वाढलेला, आता पुण्या-बंगळुरात नाव झालेला. अप्पाजींच्या एका सहीसाठी विश्वस्तांची बैठक खोळंबली होती.

“जाणाऱ्यांचं काय एवढं?” सोमनाथ म्हणाला. “गाडी दाराशी आणायची, पोराला बसवायचं, निघायचं. दोन मिनिटांचं काम.”

अप्पाजींनी नकाशा उचलला, उलटा फिरवला आणि पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. आता हॉस्पिटलचं दार सोमनाथच्या पुढ्यात होतं आणि फाटक पार तिकडे, अप्पाजींच्या गुडघ्याशी.

“आता वाच.”

सोमनाथनं पाहिलं. अक्षरं उलटी होती, पण आपल्याच हाताच्या रेघा ओळखू येत होत्या. दारातून पाऊल बाहेर टाकलं की गाड्या, गाड्या, गाड्या…

“वाट नाही,” तो पुटपुटला.

“मग काढ. दारापासून त्या चिंचेपर्यंत.”

“चिंच फाटकाला लागून आहे! सव्वाशे पावलं होतील.”

“घरी न्यायची गाडी चिंचेखाली उभी राहील. दाराशी फक्त येणाऱ्यांच्या.”

“म्हणजे बरं झालेल्या पोराला सगळ्यात लांब चालवायचं? तेही सगळ्या गाड्यांमधून, लोकांच्या डोळ्यांदेखत?”

“हं.”

“बावीस गाड्यांची जागा जाईल, अप्पाजी. लोक मला हसतील.”

“हसू देत की. हॉस्पिटलात हसण्याची तूटच असते.”

सोमनाथ हसला नाही. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, “आणि जे पोर चालत निघणार नाही, ते?”

अप्पाजींनी नकाशावर दारापासून चिंचेपर्यंत बोट ओढलं.

“तेही ह्याच वाटेनं. उचलून.”

“लोक बघतील.”

“उभे राहतील.”

सोमनाथनं वाट काढली. गुरूचा शब्द म्हणून काढली. पटली म्हणून नाही.

हॉस्पिटल सुरू होऊन दोन महिने झाले आणि एका सकाळी विश्वस्त शेटे दोन रंगारी आणि पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन वाटेवर हजर झाले. सोमनाथला त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

“बिराजदारसाहेब, बाजाराच्या दिवशी गाड्या पार हमरस्त्यापर्यंत लागतात. तान्ही पोरं उन्हात! आणि इथं ही वाट नुसती ऐसपैस पडलेली. पट्टे मारून टाकू. अप्पाजींना मी समजावतो.”

हे सगळं आधी सोमनाथच बोलला होता.

“मारा,” तो म्हणाला.

रंगाऱ्यानं दोरी ताणली.

तेवढ्यात दारात आवाज चढला. अल्फिया नावाची सात वर्षांची पोर, हृदयाचं ऑपरेशन होऊन, पंधरा दिवसांनी घरी निघाली होती. तिचा बाप महेबूब टेम्पो चालवायचा. तो रखवालदाराला फैलावर घेत होता.

“छातीवर टाके आहेत पोरीच्या! डॉक्टर म्हणतो चालू दे, तू म्हणतोस चालू दे. तुझ्या बापाचं काय जातं? माझा छोटा हत्ती दाराशी आणू दे की!”

सोमनाथला शरम वाटली. टेम्पो येऊ द्या, असं सांगायला तो पुढे झाला…

पण पोर केव्हाच निघाली होती. बापाचा हात सोडून, वाटेच्या अगदी मधोमध.

दाराजवळ एक जीप सकाळपासून उभी होती. तिची गोष्ट रखवालदारानं सोमनाथला येतानाच सांगितली होती. आत नवराबायको, बाईच्या मांडीवर निळसर ओठांचं बाळ. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं, पण कागदावर बापाची सही होत नव्हती. “राहील तितके दिवस आपल्या घरात राहील,” म्हणत त्यानं आत्ताच जीप सुरू केली होती.

बाईनं खिडकीतून हाक मारली.

“ए बाई… तुझं काय झालं होतं गं?”

अल्फियानं फ्रॉकचा गळा थोडा खाली ओढला आणि टाक्यांचं टोक दाखवलं.

“दुखलं?”

“खूप.” अल्फियानं विचार केला. “मग थांबलं.”

“आणि आता?”

“आता भूक लागते. सारखी!”

जीपमधला माणूस पोरीकडे बघत राहिला… मग त्यानं किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

तो उतरला, वळसा घालून पलीकडे गेला, बायकोच्या मांडीवरून बाळाला उचललं आणि हॉस्पिटलच्या दाराकडे चालू लागला. बाई पदर सावरत मागोमाग धावली.

पुढच्या गाडीतून एक म्हातारा उतरला. रिक्षातून दोघी उतरल्या. मोटारसायकलवर टेकलेला एकजण सरळ झाला. बघता बघता वाटेच्या दोन्ही अंगांना माणसं उभी राहिली. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. भांडायला निघालेला महेबूब आता पोरीच्या मागून असा ताठ चालला होता की जणू वरात त्याचीच.

रंगाऱ्यानं दोरी गुंडाळली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेटेंनी घसा खाकरला. “ते डबे… कंपाउंडच्या भिंतीला वापरा. आणि रस्त्यापलीकडे माझा मोकळा प्लॉट आहे. बावीस काय, पन्नास गाड्या लावा.”

जीपवाला सही करून बाहेर येईपर्यंत सोमनाथ थांबला आणि मग तडक मठात गेला.

“अप्पाजी, वाट जिंकली! तो माणूस आत गेला, मी डोळ्यांनी पाहिलं. सही करूनच बाहेर आला.”

भुईमुगाच्या शेंगा सोलता सोलता अप्पाजींनी सगळं ऐकून घेतलं.

“पोर टेम्पोत बसली?”

“बसली.”

“बसताना मागे वळून पाहिलं तिनं? हॉस्पिटलकडे?”

सोमनाथ आठवू लागला…

“नाही. एकदाही नाही.”

अप्पाजींनी मूठभर दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

“मग वाटेतच सुटलं तिचं हॉस्पिटल. नकाशा बरोबर आला.”