चेअरमनची खुर्ची

शेंड्येबाईंच्या हॉलचं छत गळत होतं आणि बाई अगदी मेटाकुटीला आल्या होत्या. वरच्या मजल्यावरचे गर्गेसाहेब सोसायटीचे चेअरमन. त्यांनी हौसेनं हॉलमध्ये बेसिन बसवून घेतलं आणि त्याच सुमारास मानसशास्त्राचा कसलासा कोर्सही केला. तेव्हापासून बेसिन गळायचं आणि साहेब समजावायचे.

बाई तक्रार घेऊन गेल्या की साहेब डोळे मिटून म्हणत, "बाई, छत नाही, तुमचं मन गळतंय. एकटेपणामुळे माणूस असं लक्ष वेधून घेतो."

बाई भडकल्या की म्हणत, "बघा, राग आला! म्हणजे माझं निदान बरोबर."

आणि वैतागून गप्प बसल्या, तर "हा दडपलेला राग!" आता अशा माणसापुढे डोकं तरी किती फोडायचं?

सोसायटीची मासिक सभा पाळीपाळीनं सभासदांच्या घरी होई. बाईंची पाळी आली. त्यांनी गळतीखालची बादली उचलली आणि बरोब्बर त्याच जागी चेअरमनची खुर्ची मांडली.

सभा सुरू झाली आणि साहेबांच्या टकलावर टपकन थेंब पडला. मग दुसरा, तिसरा.

"अहो, पाणी गळतंय इथे!" साहेब ओरडले.

बाईंनी शांतपणे डोळे मिटले. "एकटेपणामुळे माणूस असं लक्ष वेधून घेतो, साहेब."

"अहो बाई, मी भिजलोय!"

"बघा, राग आला."

सभासद खो खो हसायला लागले. साहेब ओठ आवळून गप्प बसले.

"हा दडपलेला," बाई म्हणाल्या. "आता बोला, प्लंबरला बोलावू की तुमच्या कोर्सच्या सरांना?"