मेलेल्या झाडाचं मूळ

नातवंडांनी पिच्छा पुरवला म्हणून सांगतोय, नाहीतर मला हौस नाही. मधे कुणी बोललं तर मी उठून जाईन.

फार मागं, झाडं बोलायची तेव्हा, इंग्रजी नावाचं एक झाड होतं. त्याचं एकेक पान म्हणजे एकेक शब्द. घुबड मास्तरांचा नियम असा, की विचारलेला शब्द ज्याला येईल त्यालाच ढोली. चिंगी खारीची पिल्लं उघड्या फांदीवर, अन् वर घार घिरट्या घालतेय. चिंगी पानं गोळा करून पाठ करायची, अन् वाऱ्यासरशी सगळं उडून जायचं.

शेवटी तिनं बुंध्याशी उकरलं. खाली दुसऱ्याच झाडाचं मूळ लागलं. ते झाड लॅटिन, कधीच मेलेलं. मूळ मात्र कोमट होतं.

"पोर्ट," ते पुटपुटलं. "म्हणजे वाहून नेणं."

वारा नसताना वर पानं सळसळली: पोर्टर, इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट. चिंगीला सगळी एकदम उमगली.

"बाई, वर माझं झाड बरं आहे ना?" मुळानं विचारलं.

चिंगी शेपूट फुगवून पळाली.

परीक्षेत तिनं एकही शब्द चुकवला नाही. मास्तर म्हणाले, "कुणी शिकवलं गं?"

"कुणी कशाला? माझं मीच!"

ढोली मिळाली. पण तेव्हापासून चिंगीनं तोंड उघडलं, की तिचा शब्द तिच्याआधी जमिनीखालून ऐकू येतो. पिल्लं आईकडं बघतच नाहीत. खाली बघतात.

गोष्ट माझी आहे. आम्ही शाळेत असताना ज्यानं ती आपली म्हणून सांगून तिच्यावर बक्षीस घेतलं, अन् अजून माफी मागितली नाही, त्याचं नाव वसंता कुलथे.