सुईणीचा हात

खूप खूप मागची गोष्ट. इतकी मागची की त्या गावाचं नावही आता कोणाच्या लक्षात नाही. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठाला ते गाव होतं, आणि त्या गावात सगुणा नावाची एक सुईण राहत होती.

निम्मं गाव सगुणाच्याच हातांवर जन्माला आलेलं. बाळ पायाळू असो, आडवं असो, तिचा हात पोटावर फिरला की बाळंतिणीला धीर यायचा. पण मुलांनो, माणसाचं मन मोठं गमतीचं असतं. ज्या गुणासाठी लोक आपल्याला मानतात, त्याचं आपल्याला विशेष काही वाटत नाही. सगुणाला अभिमान होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. विळीवर तिच्यासारखी झरझर भाजी चिरणारी पंचक्रोशीत कोणी नव्हती. आणि ती चिरायची कशी? तर विळीकडे न बघता, शेजारणीशी गप्पा मारत.

एका वर्षी ग्रामदेवीचा भंडारा होता. सगळं गाव देवळापुढच्या मांडवात राबत होतं. सकाळपासून बायका भोपळे चिरायला बसल्या होत्या. चुलाणावर मोठा हंडा चढला होता आणि त्याच्यापाशी आचारीमामा उभे होते. हे आचारीमामा सत्तरीचे. जन्म भंडाऱ्यांचा आणि लग्नांचा स्वयंपाक करण्यात गेला, पण हातावर सुरीचा एक ओरखडा नाही.

त्यांनी सगुणाकडे पाहिलं आणि पळी खाली ठेवली.

"सगुणे, हात पूस आधी. ओल्या हाताने विळीला बसू नये."

"बसते आहे ना वीस वर्षं, मामा!"

"बसतेस खरी. पण भोपळ्याच्या फोडीला आतून गर असतो, त्याने ती निसटते. फोड सपाट बाजूने धर. बोटांची टोकं आत वळव. आणि बोलायचं असलं तर हात थांबव. विळीला कान नसतात, तिला धारच असते."

बायका हसल्या. सगुणाही हसली. मग तिची नजर समोर गेली. तिथे तेल्याची धाकटी सून, तुळसा, बसली होती. तुळसाने हात कोरडे केले होते. विळीचा पाट पायाखाली घट्ट धरला होता. एकेक फोड घ्यायची, नीट धरायची, मग कापायची. मध्येच पाणी प्यायला उठली, तर आधी विळी आडवी घातली आणि पातं देवळाच्या भिंतीकडे केलं.

"अगं बाई," सगुणा म्हणाली, "तुझा भोपळा शिजेपर्यंत पुढच्या वर्षीचा भंडारा येईल की!"

पुन्हा हशा पिकला. तुळसा लाजली, पण तिने हात काही भरभर चालवले नाहीत. "मला घाई जमतच नाही, आक्का," एवढंच ती म्हणाली.

कोणीतरी म्हणालं, "होऊन जाऊ दे सगुणाबाई, हा ढीग संपवायला तुम्हाला किती वेळ लागतो ते बघू!"

झालं. सगुणाला तेवढंच हवं होतं. तिचे हात असे चालू लागले की फोडींचा नुसता पाऊस पडू लागला. टोपली भरत आली. बायका वाहवा करू लागल्या. त्या कौतुकाकडे सगुणाने मान वळवली, हसली, आणि त्याच क्षणी ओली फोड निसटली.

आधी तिला काही दुखलंही नाही. फक्त तळहात गरम झाल्यासारखा वाटला. खाली बघते, तर अंगठ्याखालून थेट तळहातापर्यंत चीर पडलेली, आणि रक्त टोपलीतल्या फोडींवर टपटप गळत होतं.

आचारीमामा म्हातारे, पण धावले. त्यांनी धुतलेलं फडकं जखमेवर घट्ट दाबलं आणि तिचा हात डोक्याच्या वर धरायला लावला. रागावले नाहीत. "दाबून धर. सोडून बघू नकोस," एवढंच म्हणाले. रक्त थांबल्यावर त्यांनी उकळून निववलेल्या पाण्याने जखम धुतली, हळद भरली, वर पट्टी बांधली. सगुणाने भरलेली टोपली मात्र उकिरड्यावर गेली. देवीच्या नैवेद्यात रक्ताचा थेंब कसा चालेल?

सगुणा मांडवाच्या खांबाला टेकून बसली. हात ठणकत होता, पण त्याहून जास्त सलत होती ती लाज. एवढ्यात कुंभाराची म्हातारी धापा टाकत आली.

"सगुणाबाय, ऊठ लवकर! सुनेला कळा लागल्यात. पोट कसंतरीच दिसतंय गं, पार आडवं!"

सगुणा उठली आणि निघाली. चार पावलं गेल्यावर तिचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. पट्टीवर लाल डाग पसरत होता. बोटं वळत नव्हती. पोटावर हात ठेवला तरी आत काय आहे ते या हाताला कळणार नव्हतं. आणि उघड्या जखमेचा हात बाळंतिणीला लावायचा? सगुणा इतकी अडाणी नव्हती.

ती तशीच उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला भीती वाटली. बाळ आडवं, आई तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, आणि गावातले एकुलते एक जाणते हात भोपळ्याच्या फोडीपायी वाया गेलेले.

ती मागे वळली. मांडवात तुळसा अजून तशीच, एकेक फोड कापत बसली होती.

"तुळसा," सगुणा म्हणाली, "चल माझ्याबरोबर. आज तुझे हात मला दे."

"आक्का, मला यातलं काही येत नाही!"

"मला येतं. मी सांगेन, तू कर. तुला घाई जमत नाही ना? मग तूच हवीस."

कुंभाराच्या घरी तुळसाने कोपरापर्यंत हात धुतले, तेल लावलं. सगुणा बाळंतिणीच्या उशाशी बसली. डाव्या हाताने तिचं कपाळ कुरवाळत ती तुळसाला विचारू लागली, "घट्ट, गोल असं काही लागतंय का? नारळासारखं?"

"डाव्या कुशीत लागतंय, आक्का."

"ते डोकं. बाळाभोवतीची पाणमोट अजून फुटलेली नाही, देवीची कृपा. आता एक हात डोक्यावर, एक बुडावर ठेव. कळ आली की थांबायचं. कळ ओसरली की डोकं हळूच खाली सरकवायचं. ढकलायचं नाही, नुसतं सरकवायचं."

कळ आली. तुळसा थांबली. कळ गेली. तुळसाने हात सरकवले. पुन्हा कळ, पुन्हा थांबली. सगुणाच्या मनात येत होतं की आपण स्वतः करत असतो तर एव्हाना जोर लावला असता. तिने स्वतःचे ओठ आवळून धरले. बाहेर म्हातारी देवीला नवस बोलत होती. घटका गेली, दुसरी घटका गेली. बाळंतीण थकून सगुणाच्या मांडीवर मान टाकून पडली होती.

आणि मग तुळसा एकदम म्हणाली, "आक्का, फिरलं! डोकं खाली गेलं!"

सगुणाने डाव्या तळव्याने चाचपून पाहिलं. खरंच फिरलं होतं.

पुढचं मग फार लांबलं नाही. ऊन कलायच्या आत कुंभाराच्या अंगणात एक बारीक, चिडकी, खणखणीत आरोळी घुमली. मुलगी झाली होती. आई सुखरूप होती. म्हातारी दारातच मटकन बसली आणि हसता हसता रडू लागली. सगुणाने भिंतीला पाठ टेकली. तिने तुळसाचे तेलकट हात आपल्या डाव्या हातात घेतले आणि किती तरी वेळ सोडलेच नाहीत.

भंडाऱ्याची पंगत त्या दिवशी उशिरा बसली, पण कोणी कुरकुर केली नाही. सगुणाचा उजवा हात बांधलेला, म्हणून तुळसाने तिला घास भरवला.

आचारीमामा वाढत वाढत तिच्यापाशी आले. सगुणाने मान वर केली. "मामा, चुकलं माझं. हात बरा झाला की मला विळीवर बसायला शिकवाल?"

"शिकवीन की," मामा म्हणाले आणि तिच्या पानात आणखी एक पळी भाजी वाढली. "आज पोटभर जेव आधी."

जखम भरायला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत गावात आणखी दोन बाळं आली. दोन्ही वेळा सगुणाने सांगितलं आणि तुळसाने केलं. हात बरा झाल्यावरही सगुणा तिला सोबत नेत राहिली, म्हणून गावाला एकीच्या जागी दोन सुइणी मिळाल्या. आणि सगुणा? ती पूर्वीसारखीच खूप बोलायची. पण विळीपुढे बसली, की आधी हात पुसायची, फोड सपाट बाजूने धरायची, बोटं आत वळवायची, आणि कोणी काही विचारलंच तर हात थांबवून मग उत्तर द्यायची.

बोध एवढाच: हात जपून काम करणाऱ्याला थोडा उशीर होतो, पण ऐन गरजेच्या वेळी त्याचेच हात कामी येतात.